पाहुणीचे पैसे वाचवले त्याची गोष्ट

त्याला सगळे चुंबक म्हणायचे. आधी कवडीचुंबक होतं, पण एवढं लांबलचक नाव घ्यायला दम लागतो, म्हणून कवडी गळली आणि चुंबक राहिलं. आणि हा पठ्ठ्या रागवायचा का? छे! उलट खूश! टूथपेस्ट संपली की ट्यूब कात्रीनं उभी चिरून आतून बोट फिरवणार. मोबाइल चार्ज करायचा तो कॉलेजच्या लायब्ररीत. बेकरी बंद व्हायच्या वेळेला दारात हजर, कारण तेव्हा उरलेला पाव अर्ध्या किमतीत मिळतो, आणि त्यातही वर, "काका, हा जरा दबलाय, अजून कमी करा ना." वाढदिवसाला पार्टी मागा, हा पाठ थोपटणार. पाठ थोपटायला काय जातंय?

बरं, पैसे नव्हते असं नाही हं! ताई पाठवायची ना. आईवडील गेल्यावर ताईनंच वाढवलेलं ह्याला. दिवसभर शिलाई मशीनवर वाकून बसायची आणि महिना लागला की पैसे पाठवायची. त्यातले निम्मे हा बँकेत टाकायचा. कशाला रे, असं विचारलं की म्हणायचा, "वेळप्रसंगाला लागतात."

तर प्रसंग आला.

ताईला सुईत दोरा ओवता येईना. कुणाच्या शर्टाला तिनं उजवीकडची बाही डावीकडे लावली, आणि ते गिऱ्हाईक दुकानात उभं राहून असं काही बोललं की विचारू नका. गावातला डॉक्टर म्हणाला, लगेच शहरात जा, मोठ्या दवाखान्यात दाखवा, उशीर केलात तर डोळे जातील. तिथली मंगळवार सकाळची तारीख मिळाली. ताईनं फोन केला, "सोन्या, दोन-तीन दिवस तुझ्याकडे राहते रे."

आता चुंबकाची खोली म्हणजे मालकीणबाईंच्या स्वयंपाकघरामागची. खिडकी वहीएवढी, पण भाडं अख्ख्या गल्लीत सगळ्यात कमी. आणि मालकीणबाई ह्याच्याही वरताण! दारातच पाटी, पाहुणा ठेवल्यास रोजचे वेगळे पैसे. पाहुणा फक्त पाणी पिऊन गेला तरी त्या घड्याळाकडे बघायच्या. त्यात त्यांची कामवाली आदल्याच आठवड्यात भांडून गेलेली, त्यामुळे डोकं कायम तापलेलं.

स्टँडवर ताई उतरली. चपला झिजलेल्या, कपडे धुऊन धुऊन विटलेले, हातात कापडी पिशवी. ह्यानं तिला वरपासून खालपर्यंत बघितलं आणि ह्याच्या डोक्यात दिवा पेटला! दुसऱ्या कुणाला बहिणीकडे बघून वाईट वाटलं असतं. ह्याला कल्पना सुचली.

दार मालकीणबाईंनीच उघडलं. "ही कोण?"

"तुमच्यासाठी आणलीय," चुंबक म्हणाला. "कामाला. बाई चांगली आहे, ओळखीतली."

ताई बघतच राहिली. मालकीणबाई म्हणाल्या, "देवासारखे धावलात हो! ये गं बाई. रात्री स्वयंपाकघरातच झोप. आधी ती भांडी घे."

त्या वळल्या तसा हा ताईच्या कानाशी लागला. "ताई, दोन दिवसांचा तर प्रश्न आहे. पाहुणी म्हटलं असतं तर ह्या बयेनं सोलून काढलं असतं मला."

ताई हसली. खरंच हसली! "लहानपणी खाऊच्या पुडीचा कागद चाटायचास, तसाच राहिलास बघ," म्हणाली आणि बाह्या वर करून बसली घासायला. भावाचे पैसे वाचतायत, तिला तेवढं पुरे! पण भांडी झाली तर फरशी निघाली, फरशी झाली तर माळा. संध्याकाळी ताई भिंतीला टेकली होती, तेव्हा हा स्वयंपाकघरात डोकावला. तिला वाटलं, दमलीस का विचारतोय.

"जेवण दिलं ना तुला?" हा म्हणाला. "मग अजून थोडा भात मागून घे की. माझ्यासाठी."

तिनं मागितला. ह्यानं खाल्ला.

मंगळवारी सकाळी ताई केस विंचरून, दवाखान्याचा कागद पिशवीत घालून तयार. तर मालकीणबाई दारात!

"कुठं निघालीस? आज पडदे काढायचेत. सगळे."

"दवाखान्यात जायचंय, बाई. आजचीच तारीख आहे."

"कामाला लागून दोन दिवस नाही झाले आणि सुट्टी? अहो, तुम्ही आणलीत ना हिला? तुम्हीच सांगा!"

चुंबक बुटाची नाडी बांधत होता. ताई त्याच्याकडे बघत होती. एक शब्द हवा होता, अरे! ही माझी बहीण आहे, एवढंच. पण मग दोन रात्रींचे पैसे, आणि वर खोटं बोलला म्हणून खोलीही गेली असती. नाडीची गाठ एवढी कशी अवघड झाली कोण जाणे. मग मान वर न करताच हा म्हणाला, "दवाखाना काय पळून जातोय का? धू की पडदे."

ताईनं पिशवी खुंटीला अडकवली. मग म्हणाली, "बरं, दादा."

दादा! स्वतःच्या धाकट्या भावाला! हा मात्र कँटीनमध्ये सगळ्यांना रंगवून सांगत होता, "राहणं फुकट, जेवण फुकट, वर माझी खोलीसुद्धा झाडून मिळाली!" पोरं टेबलावर हात आपटून हसली. एकानं विचारलं, "अन् डोळे?" तर म्हणाला, "घेईल पुढची तारीख." पुढची तारीख तीन महिन्यांनंतरची होती.

संध्याकाळी घरी येतो तर स्वयंपाकघरात आरडाओरडा. दुधाच्या पातेल्याला साय तशीच चिकटलेली. "डोळे फुटले का तुझे?" मालकीणबाई किंचाळत होत्या.

"फुटतच आलेत, बाई," ताई शांतपणे म्हणाली. "आज दाखवायचे होते."

"मग नीट सांगायचं नाही? आंधळी बाई मी काय करू, घालू चुलीत? उद्या चल माझ्या डॉक्टरकडे. पैसे पगारातून कापीन."

चुंबकाला तर आनंदानं झोप येईना! डॉक्टरपण परस्पर!

दुसऱ्या दिवशी दोघी परत आल्या त्या डोळ्यांत घालायचे थेंब आणि नवा चष्मा घेऊन. मालकीणबाईंनी चुंबकाला हाक मारली. "डॉक्टर म्हणाले, तीन महिने थांबली असती तर एक डोळा गेला असता. कोण हिच्या घरचे आहेत देव जाणे, असं सोडून देतात माणसाला! ते असो. ही आता कायमची राहतेय. आणि मागची खोली मुळात कामवालीचीच. एक तारखेला तुम्ही रिकामी करा."

ह्याला आधी हसूच आलं. मग घाम आला. "ताई, पुरे आता गंमत. तू परत नाही गेलीस तर मशीन कोण चालवणार? माझे महिन्याचे पैसे?"

ताईनं थेंबांची बाटली फळीवर नीट ठेवली. तेव्हा मात्र ह्याचा धीर सुटला. "अहो, ही माझी सख्खी बहीण आहे! सख्खी!"

मालकीणबाईंनी भुवया चढवल्या. "काय गं? खरं का?"

ताईनं चष्मा काढला, पुसला, परत घातला. मग ह्याच्या अगदी जवळ येऊन ह्याचं तोंड नीट न्याहाळलं, मशीनवर कापडाचा डाग बघायची तसं.

"नाही हो, बाई," ती म्हणाली. "भाऊ असता तर मी लोकांची भांडी घासली असती का?"

आणि ह्याच्याकडे वळून म्हणाली, "दादा, जाताना खोली नीट झाडून जा हं. मला आता धूळ दिसते."