सहा महिने ममता घरी नव्हती

निवड झाल्याचा फोन आला तेव्हा ममता लसींच्या डब्यात बर्फाच्या पिशव्या लावत होती. मारेगावजवळच्या एका आरोग्य केंद्रात ती कितीतरी वर्षं कंत्राटी सिस्टर होती. खेड्यातल्या उपकेंद्रांना डॉक्टर मिळत नाहीत, म्हणून सिस्टरना सहा महिने शिकवायचं, तपासणी, निदान, औषधं हे सगळं अंगवळणी पाडायचं आणि तिथं समुदाय आरोग्य अधिकारी म्हणून बसवायचं, अशी ती योजना होती. शिकायला यवतमाळला राहावं लागणार होतं.

घरी नवरा राजदीप आणि सातवीतली मुलगी वैष्णवी. राजदीपचं मारेगावात मोटर वाइंडिंगचं दुकान होतं. विहिरीवरच्या जळालेल्या मोटरी दिवसभर त्याच्यासमोर उघड्या पडलेल्या असायच्या.

"मी गेली तर वैष्णवीचं कसं?" ममतानं त्याला विचारलं.

"कसं म्हणजे? मी हाव नं. बाजूले गुलनारभाभी हाय. तू जा. पुन्हा असा चान्स कोण देईन तुले?"

गुलनारभाभी म्हणजे शेजारच्या रहमत वेल्डरची बायको. तिच्या दोन्ही मुली लग्न होऊन गेल्या होत्या, त्यामुळे वैष्णवीचा तिला लळाच होता. ती म्हणाली, "बिनफिकर जा तू. पोरीले मी पाहतो."

ममता गेली.

खोलीत तिच्यासोबत तिघी होत्या, सगळ्या नुकत्याच नर्सिंग करून आलेल्या. पहिला आठवडा त्या तिला ताई म्हणाल्या, नंतर काकू. त्यात वाईट वाटण्यासारखं काही नव्हतं, आदरच होता. संध्याकाळी त्या पाणीपुरी खायला निघायच्या तेव्हा दारातून विचारायच्या, "काकू, येता का?" ती नाही म्हणायची. त्या लगेच निघायच्या. दुसऱ्यांदा कधी कुणी विचारलं नाही.

शिकवायला घनश्याम सर होते. छाती कशी ऐकायची, पोट कुठं आणि किती दाबायचं, कुणाला गोळ्या देऊन घरी पाठवायचं आणि कुणाला तासाच्या आत पुढं पाठवायचं, हे ते हाताला धरून शिकवायचे. सरावासाठी जोड्या लावल्या तेव्हा वर्गाची संख्या विषम निघाली आणि ममता एकटी उरली.

"ताई, तुम्ही या दोघींत बसा," सर म्हणाले.

त्या दोघी मैत्रिणी होत्या. त्या एकमेकींना तपासायच्या, हसायच्या, आणि ममता बघत राहायची. मग संध्याकाळी खोली रिकामी झाली की ती कॉटवर उताणी पडून स्वतःलाच तपासायची. स्टेथोस्कोप स्वतःच्या छातीवर इकडून तिकडे सरकवायची. खोल श्वास घेऊन उजव्या बरगडीखाली बोटं रुतवायची आणि यकृताची कड लागते का ते पाहायची. बरोबर की चूक हे सांगायला कुणी नसायचं.

पण तिचा कान तयार झाला. वॉर्डात डोमाजी नावाचे एक म्हातारे होते. त्यांच्या फुप्फुसाच्या तळाशी केस चोळल्यासारखा बारीक आवाज येत होता, तो सगळ्यांआधी तिनं पकडला. सर सगळ्यांसमोर म्हणाले, "शाब्बास, ताई." तिला ते कुणाला तरी सांगावंसं वाटलं. तिनं घरी फोन लावला. राजदीपच्या मागं मशीन घरघरत होती. "बरं झालं," तो म्हणाला. वैष्णवी म्हणाली, "हो मम्मी. ठेवू? होमवर्क करून राह्यली."

सुरुवातीला ती दर रविवारी घरी जायची. मग एकाआड एक. राजदीप वरण-भात नीट करू लागला होता. वैष्णवी स्वतःची वेणी घालायला शिकली होती, थोडी वाकडी, पण घट्ट. एकदा चहा टाकायला ममतानं फळीवर हात नेला तर चहापत्तीचा डबा तिथं नव्हता. "तो खालच्या कप्प्यात राहते आता," वैष्णवी म्हणाली आणि तिनंच काढून दिला. घर कुठंही अडलं नव्हतं. ते अडू नये म्हणूनच तर ती रात्रंदिवस काळजी करायची. तरी परतीच्या एसटीत तिला उगाचच रडू आलं.

पुढच्या महिन्यात त्यांना फिल्डवर नेलं. पुसदकडच्या एका शाळेत मुलींना पाळीबद्दल सांगायचं काम ममताकडं आलं. फोन बंद करून पिशवीत ठेवायला सांगितलं होतं. वर्गात सहावी ते आठवीच्या मुली खाली मान घालून बसल्या होत्या. ममतानं आधी त्यांना हसवलं, मग साध्या शब्दांत सगळं सांगितलं. का भ्यायचं नाही, पोट दुखलं तर काय करायचं, कपडा कसा धुवायचा, पॅड कुठं टाकायचं. शेवटी एका मुलीनं हळूच विचारलं, "मॅडम, आईले सांगायची लाज वाटली तर?"

"आईलेच सांगायचं आधी," ममता म्हणाली. "आई रागावत नाही."

बाहेर येऊन फोन चालू केला तर राजदीपचे दोन मिस्ड कॉल होते. तिनं लगेच लावला. तो जरा थांबून म्हणाला, "काही नाही, असाच केलता. जेवली?"

दोन आठवड्यांनी ती घरी गेली. न्हाणीघराच्या कोनाड्यात, साबणाच्या मागं, पॅडचं फोडलेलं पाकीट होतं. तिनं ते हातात घेतलं. मग वैष्णवीकडं गेली.

"हे कधी?"

वैष्णवीनं वहीतून डोकं वर केलं नाही. "झालं नं ते. लय दिवस झाले."

"मले फोन काहून नाही केला?"

"केलता पप्पानं. तुहा बंद होता. मग भाभीकडे गेली मी. भाभीनं सगळं समजावून सांगतलं."

रात्री ममतानं राजदीपला विचारलं, "मी परत लावला तेव्हा तरी सांगायचं?"

"मी काय सांगू फोनवर?" तो ओशाळून म्हणाला. "अन् तुही परीक्षा होती. म्हटलं, टेन्शन कायले द्या."

त्याच्यावर रागवावं असं त्यात काही नव्हतं. सकाळी ती गुलनारभाभीकडं गेली. भाभीनं तिचा हात धरला. "डरली होती बिचारी. रडली थोडी. मी गूळ-तिळाचा लाडू दिला, गरम पाण्यानं आंघोळ घातली. अच्छी समजदार हाय तुही पोरगी."

"बरं केलं, भाभी," ममता म्हणाली. तिला आणखी विचारायचं होतं, किती रडली, काय म्हणाली, मम्मी म्हणाली का. तिनं विचारलं नाही.

परीक्षेत ती पहिल्या पाचात आली. मारेगाव तालुक्यात जागाच नव्हती. तिला मिळालं ते जिल्ह्याच्या पार दुसऱ्या टोकाला, फुलसावंगीजवळच्या एका गावातलं उपकेंद्र. मारेगावहून तिथं पोचायला एसटीनं दिवस जायचा. पुढं दवाखाना, मागं राहायच्या दोन खोल्या. बदलीचा अर्ज तिनं रुजू झाल्या आठवड्यातच दिला. वर्षभर तरी विचार होणार नाही, असं उत्तर आलं.

पहिले काही दिवस लोक दारातूनच विचारायचे, "डॉक्टर कधी येते?"

"मीच हाव. या, बसा."

मथुराबाई नावाची म्हातारी मात्र आत येऊन बसली. बीपी वाढलेला होता. ममता तिच्या दंडावरचा पट्टा सोडत असताना तिनं विचारलं, "तू नर्स की डॉक्टर?"

"मधली," ममता म्हणाली.

"म्हंजे कोणाकडचीच नाही," मथुराबाई म्हणाली आणि गोळ्या पदरात बांधून गेली. तिनं ते सहज म्हटलं होतं. पण ममता दिवसभर ते विसरू शकली नाही.

दिवाळीच्या सुट्टीत राजदीप वैष्णवीला आठ दिवसांसाठी सोडून गेला. ममता रोज लवकर उठून तिच्या आवडीचं काहीतरी करायची. वैष्णवी खायची, भांडी घासायची आणि मोबाईल घेऊन मागच्या पायरीवर बसायची. दोघी एकमेकींशी पाहुण्यांसारख्या नीट वागत होत्या.

एका दुपारी दवाखाना रिकामा होता. ममता पाणी प्यायला मागं आली तर वैष्णवी फोनवर दबक्या आवाजात बोलत होती. "भाभी, पोट लय दुखून राह्यलं. मागच्या वेळेपेक्षा जास्त. काय करू?"

पलीकडून भाभीचा आवाज दारापर्यंत आला. "अगं, तुही मम्मी तिथंच हाय नं? तिले सांग. ती तर शिकलेली हाय."

ममता मागं सरली. ग्लास न घेताच पुढं जाऊन खुर्चीवर बसली. थोड्या वेळानं वैष्णवी दारात आली.

"मम्मी, पोट दुखून राह्यलं. भाभी म्हणे तुले सांग."

"ये," ममता म्हणाली. तिनं तिला तपासणीच्या टेबलावर झोपवलं, गरम पाण्याची पिशवी दिली, एक गोळी दिली. हात पोटावर ठेवला. तो हात तपासणारा होता की आईचा, हे तिचं तिलाच कळेना, म्हणून तिनं तो तसाच राहू दिला.

"तुले इथं करमते?" वैष्णवीनं विचारलं.

"नाही."

वैष्णवीनं पहिल्यांदाच तिच्याकडं नीट पाहिलं. "मले वाटलं करमत असंल. फोनवर तू नेहमी बरं हाय म्हणते."

"तू बी तेच म्हणते."

ममताचा हात वैष्णवीनं काढून टाकला नाही. मग बाहेर कुणाचं तरी तापलेलं लेकरू आलं आणि ममताला उठावं लागलं. आठ दिवस संपायच्या आधी त्या दोघी पुन्हा तसं बोलल्या नाहीत.

न्यायला राजदीप आला तेव्हा ती दोघांना सोडायला फुलसावंगीच्या स्टँडवर गेली. गाडी भरून आली होती. राजदीपनं कशीबशी जागा धरली. वैष्णवी पलीकडच्या खिडकीशी बसली, पिशवी मांडीवर घेऊन. गर्दीत तिला अलीकडं वाकता आलं नाही. गाडी वळली तेव्हा ममताला तिची वेणी तेवढी दिसली.

तिनं आठवड्याची भाजी घेतली आणि गावाकडं जाणाऱ्या ऑटोत जाऊन बसली.

"डॉक्टरीणबाई, आज एकट्याच?" ऑटोवाल्यानं विचारलं.

"हो, एकटीच."

"बसा मग. सवाऱ्या भरल्या की निघू."

अजून कुणीच आलं नव्हतं. ममता पिशवी पायाशी ठेवून बसून राहिली.