मोर्णेकाठचा नकाशा

देवीदासने दोन्ही नकाशे ओसरीवर पसरले आणि कोपरे उडू नयेत म्हणून मास्तरांच्या बायकोकडून, मनकर्णाबाईंकडून, वाट्या मागून घेऊन त्यांच्यावर ठेवल्या. मग तो मागे सरून भिंतीला टेकला. गोवर्धन मास्तर चष्मा पुसत खाली बसले.

दुसऱ्या दिवशी अमरावतीला मुलाखत होती. दुसरी मोठी लढाई संपली होती आणि सरकार निवडक मुलांना विलायतेला शिकायला पाठवत होते. कुणी इंजिनिअरिंगला जाणार होते, कुणी डॉक्टरीला. देवीदासने मागितलेला विषय मात्र अकोल्यात कुणी ऐकलाही नव्हता. बागा, मैदाने, रस्त्याकडेची झाडे, नदीचे काठ हे सारे कसे आखावे, याचे शिक्षण तिकडच्या विद्यापीठात मिळते म्हणे. त्याचे वडील खुशालराव फुलांचा मळा करीत, आई तानुबाई बाजारात भाजी विकायला बसे. पोराला नागपूरच्या शेतकी कॉलेजात धाडले तेव्हा तो साहेब होऊन परत येईल असे सगळ्यांना वाटले होते. आता हा पुन्हा झाडे लावण्यासाठीच समुद्रापार जाणार, हे चारचौघांत सांगताना खुशालराव थोडे ओशाळत.

झाडांचे त्याला सारे कळत होते, पण नकाशा काढण्यात हात कच्चा होता. म्हणून उन्हाळ्यापासून तो दर रविवारी आपल्या जुन्या ड्रॉइंग मास्तरांकडे येत होता. मास्तरांनी त्याला प्रमाण धरायला शिकवले, शाईची रेघ एका दमात कशी ओढावी ते दाखवले. पहिले काही रविवार मास्तरच त्याची वाट पाहत.

पुढे ती गोडी आटत गेली. देवीदास येताना मनकर्णाबाईंसाठी कसली ना कसली रोपे आणी. शिकवणी संपली की तो आणि त्या परसात जाऊन उभे राहत. न्हाणीचे पाणी कुठे वळवावे, शेवगा कुठे लावावा, यावर त्यांचे बोलणे संपतच नसे. मास्तर ओसरीवर एकटे बसून ते ऐकत. इतक्या वर्षांच्या संसारात बायकोने आपल्याला एकाही चित्राबद्दल कधी विचारले नाही, हे त्यांना त्या उन्हाळ्यात पहिल्यांदा जाणवले. आपणही तिला कधी काही दाखवले नव्हते, हे मात्र त्यांच्या मनात आले नाही.

एके काळी त्यांचाही हात नावाजलेला होता. अंजनगाव सुर्जीजवळच्या खेड्यातून ते मुंबईच्या चित्रशाळेत दाखल झाले होते. त्याच वर्षी वडील वारले आणि ते पेटी घेऊन परत आले. धाकट्या भावंडांचे करता करता अकोल्याच्या शाळेतली नोकरी कायमची झाली. तेव्हापासून फळ्यावर ठोकळा, सुरई आणि पिंपळाचे पान काढण्यात त्यांचा जन्म गेला. याची त्यांनी कधी तक्रार केली नव्हती. आपल्याच शाळेतला एक मुलगा आपण जिथून परतलो त्याच्याही पलीकडे निघाला आहे, हे रविवारमागून रविवार डोळ्यांसमोर दिसू लागले तेव्हा मात्र त्यांना ते सोसवेना.

समोरचा एक नकाशा बंगल्याच्या बागेचा होता. मधोमध कारंजे, दोन्ही बाजूंना सारखे वाफे, सरळ वाटा. इंग्रजी पुस्तकातून उचलल्यासारखा, स्वच्छ आणि निर्जीव. दुसरा गावातल्या मोर्णा नदीच्या काठाचा. बाजार भरतो ती जागा देवीदासने मोजून काढली होती आणि तिथे कडुनिंब अशा बेताने लावले होते, की भर दुपारी सावली भाजीवाल्या बायांच्या ओळीवरच यावी. काठ कुठे उतरता करायचा, बैल कुठून पाण्यावर न्यायचे, धुण्याचे दगड कुठे ठेवायचे, सारे त्यात होते. रेघा काही ठिकाणी चुकल्या होत्या. तरी पाहणाऱ्याला तिथे जाऊन बसावेसे वाटे. मास्तरांचा हात त्याच कागदावर टेकला आणि तिथेच राहिला. असे आपल्या हातून जन्मात झाले नसते, हे त्यांना कळून चुकले.

"मास्तर, एकच न्याचा आहे," देवीदास म्हणाला. "कोनता नेऊ?"

मास्तरांनी हात उचलला आणि बंगल्याच्या बागेकडे बोट केले. "हा ने. साहेब लोकायले असंच लागते."

देवीदास क्षणभर मोर्णेच्या नकाशाकडे पाहत राहिला. मग मास्तर म्हणतात तर तसेच, असे म्हणून त्याने कारंज्याचा कागद गुंडाळला. दुसरा तुमच्यापाशीच असू द्या म्हणाला आणि दोघांच्या पाया पडून संध्याकाळच्या गाडीने अमरावतीला गेला.

वाट्या उचलताना मनकर्णाबाई थांबल्या.

"तुमचा हात तं दुसऱ्यावर होता," त्या म्हणाल्या.

मास्तर मोर्णेचा कागद गुंडाळू लागले. मनकर्णाबाई वाट्या घेऊन आत गेल्या.

सकाळी शाळेच्या वेळेआधीच मास्तर मोर्णेचा नकाशा काखेत घेऊन घराबाहेर पडले. रजेचा निरोपही त्यांनी धाडला नाही. बडनेऱ्याला गाडीतून उतरून त्यांनी अमरावतीचा टांगा केला. कचेरीच्या व्हरांड्यात बोलावण्याची वाट पाहत बसलेल्या मुलांत देवीदास कोट घालून बसला होता. मास्तरांना पाहून तो घाईने उठला. घरी कुणाचे काही झाले की काय, असे त्याला वाटले.

मास्तरांनी कागद पुढे केला. "हा दाखव. काल मी तुले खोटं सांगतलं."

"काहून, मास्तर?"

काहीतरी सावरून सांगता आले असते. मी घाईत पाहिले, मागून विचार केला, असे काहीही. गाडीत त्यांनी ते जुळवूनही ठेवले होते.

"तुहं चांगलं होऊन राहिलं, ते मले पाहावलं नाई," ते म्हणाले.

देवीदासचा चेहरा उतरला. त्याने कागद घेतला. आतून त्याचे नाव पुकारले गेले. आधीचा कागद बाकावरच टाकून तो मोर्णेचा नकाशा घेऊन आत गेला. मास्तर तो बाहेर येईपर्यंत थांबले नाहीत.

निवड झाल्याचे त्यांना खुशालरावांकडून कळले. ते पेढे घेऊन शाळेत आले होते. सगळ्या शिक्षकांसमोर त्यांनी मास्तरांचे दोन्ही हात धरले आणि पोराचे कल्याण तुमच्यामुळे झाले म्हणाले. देवीदासने घरी काहीच सांगितलेले नव्हते. मास्तरांना तो पेढा सगळ्यांसमोर खावा लागला.

बोटीची तारीख जवळ येऊ लागली तसे मास्तर शाळा सुटली की कुठे न थांबता घरी येऊ लागले. येऊन ओसरीवर बसत. कुणाची वाट पाहता, असे मनकर्णाबाईंनी विचारले नाही.

एका संध्याकाळी ताट वाढून झाल्यावर त्या समोर बसल्या.

"देवीदास येऊन गेला," त्या म्हणाल्या. "उद्या निघते म्हने. पाया पडला, घडीभर बसला."

"केव्हा आला होता?"

"दुपारी."

मास्तरांनी भाकरीचा तुकडा मोडला. तो तसाच हातात राहिला.

"शाळा केव्हा सुटते, ते त्याले मालूम आहे," ते म्हणाले.

"हो," मनकर्णाबाई म्हणाल्या. "मालूम आहे."

त्यांनी ताटात आणखी थोडी भाजी वाढली. मास्तरांनी नको म्हटले नाही.