तांब्याच्या पट्ट्या

सन एकोणीसशे एकोणसत्तर, मार्चचा दुसरा आठवडा. थंडी सरली होती आणि ऊन नुकतंच चटके देऊ लागलं होतं. त्या आठवड्यात मला ओतलं. मी व्हाइस बोलतोय. गॅरेजच्या बाकावर चार बोल्टांनी आवळलेला, दोन जबड्यांचा, बिडाचा व्हाइस. जे कापायचं, घासायचं किंवा ठोकायचं असेल ते माझ्या तोंडात देतात आणि दांडा फिरवतात. मी धरतो. धरलेलं सोडत नाही. एवढंच माझं शिक्षण.

जन्माचं कौतुक मला नाही. फुटकी चाकं, मोडके पंप, गंजलेले नळ भट्टीत टाकले, वितळवले आणि वाळूच्या साच्यात ओतले. गार झाल्यावर साचा फोडला, अंग घासलं, जबड्यांना पोलादाचे दात बसवले. दुखतं का, असं कुणी विचारलं नाही. मीही सांगितलं नाही. वजन सत्तावीस किलो, उंची नऊ इंच. ही उंची लक्षात ठेवा.

मला दोन भावांच्या बापाने आणलं. तो कडक माणूस होता. त्याने तांब्याच्या दोन पट्ट्या कापल्या, वाकवल्या आणि माझ्या डोक्यावर भिंतीतल्या खिळ्याला टांगल्या. म्हणाला, "पातळ नळी धरायची असली की आधी ह्या पट्ट्या ह्याच्या दातांवर घालायच्या. हा दयामाया ओळखत नाही." खरं बोलला. मला तेव्हा त्याचा अभिमानच वाटला.

बाप गेला आणि गॅरेज भावांकडे आलं. थोरला अंगाने आडवा, बोलायला कमी. धाकटा शिडशिडीत आणि तोंडाचा तिखट. थोरल्याची बायको दुपारी डबा घेऊन यायची आणि दोघांना सारख्याच शिव्या घालून जेवायला बसवायची.

काम रोजचंच होतं. ऑइल बदल, फिल्टर बदल, व्हॉल्व घासून बसव, ब्रेक शू टाक, चाकाच्या बेअरिंगला ग्रीस भर. गाडी वेळेवर आली तर तासाभरात मोकळी. लोक वेळेवर आणत नाहीत. इंजिन खडखडून ओरडायला लागलं की मग धावत येतात आणि मेकॅनिकला विचारतात, "असं अचानक कसं झालं?" अचानक काही होत नाही. मी बाकावरून सगळं पाहिलंय.

थोरल्याचा स्वभाव एकच. लोखंड दिसलं की तेल पाजायचं. बिजागरी, कात्री, शेजाऱ्याची सायकल, काही सोडलं नाही. एकदा घरातल्या भिंतीवरच्या घड्याळात इंजिन ऑइल घातलं, ते कायमचं बंद पडलं. वहिनी म्हणाली, "उद्या माझ्या गुडघ्यांतही घालाल!" धाकटा म्हणाला, "घालू द्या वहिनी, कुरकुर तरी थांबेल." तिने डब्याचं झाकण फेकून मारलं. तेव्हा गॅरेजमध्ये हसू होतं.

रविवारी दोघं नेमबाजीला जायचे. बंद पडलेल्या वीटभट्टीची उंच भिंत होती. तिच्यावर कागदी निशाण लावायचे, दहा गोल आणि मध्ये काळा ठिपका, आणि दहा मीटरवरून नेम धरायचे. बंदूक छर्र्यांची, स्प्रिंगने हवा दाबून छर्रा उडवणारी, दोघांत एक. थोरला भिंत चुकवायचा नाही, एवढंच. धाकट्याचं मात्र नाव होतं. शंभरात चौऱ्याण्णव, पंच्याण्णव. मोठ्या संघाची निवड जवळ आली होती आणि त्यात तो जाणार हे सगळे धरून चालले होते. बंदुकीची स्प्रिंग तेवढी मऊ झाली होती. छर्रा खाली पडायचा.

निवडीच्या आदल्या दिवशी, शनिवारी दुपारी, धाकटा सुटे भाग आणायला गेला होता. थोरल्याने बंदूक उघडली. भावाला न सांगता नवी स्प्रिंग टाकायची, उद्या त्याने चकित व्हायचं, एवढाच बेत. त्याने बंदुकीची मागची नळी, जिच्यात स्प्रिंग बसते ती, माझ्या तोंडात दिली. पट्ट्या डोक्यावर टांगलेल्या होत्या. हात वर केला असता तर मिळाल्या असत्या. पण पाच मिनिटांचं काम, म्हणून त्याने हात वर केला नाही.

त्याने दांडा आवळला. मी धरलं. पातळ नळी माझ्या दातांखाली चेपली, गोल होती ती लांबट झाली. नजरेला सहज कळू नये इतकीच. स्प्रिंग आत दाबून धरणारं मागचं बूच आट्यांत बसेना. चेपलेले आटे बूच कसं घेतील? त्याने पान्याने रेटलं. अडीच फेरे गेलं आणि अडकलं. "बसलं," तो म्हणाला. मग सवयीने तेलाचा डबा उचलला आणि नळीत इंजिन ऑइल ओतलं. सढळ हाताने.

ह्या माणसाने आयुष्यभर डिझेल इंजिनं उघडली. हवा दाबली की तापते आणि त्यात तेल असलं की पेटते, हे तो झोपेतही सांगेल. बंदुकीतही हवाच दाबली जाते, हे त्याला त्या दिवशी सुचलं नाही. मला बोलता येत नव्हतं. आणि खरं सांगतो, मला कळलंही नव्हतं. मी आपल्या पकडीवर खूश होतो.

पुढचं मी डोळ्यांनी पाहिलं नाही. वहिनीने रडत बाकाजवळच सांगितलं. निवडीत पहिला छर्रा सुटला तो धडाक्याने, बंदुकीच्या तोंडातून धूर. लोक हसले. थोरला म्हणाला, "पाहिलंस? पिकअप वाढला!" धाकट्याचे आठ नेम काळ्यात बसले. नवव्याला आतलं तेल पुन्हा पेटलं, आट्यांनी सोडलं आणि बूच स्प्रिंगसकट मागे उडालं. गाल दस्त्याला टेकलेलाच होता. उजवा डोळा जागच्या जागी फुटला.

तीन आठवड्यांनी धाकटा आला. अर्ध्या तोंडावर पट्टी होती. त्याने बंदूक उलटीपालटी करून नळीवर माझ्या दातांच्या खुणा पाहिल्या. मग खिळ्याकडे पाहिलं. पट्ट्यांवर धूळ होती.

"हात वर करायला जड झाला का रे तुला?"



धाकट्याने जवळचा मोठा पाना उचलून फेकला. त्याने थोरल्याचा कान फाडला, रक्त मानेवरून सदऱ्यात गेलं. थोरला हलला नाही, हातही उगारला नाही. त्यामुळे धाकटा आणखी पेटला. त्याने बंदूक माझ्या तोंडात दिली, दांडा अंगाचा भार देऊन आवळला आणि घण घेतला. पंधरा-वीस घाव. नळी वाकली, दस्त्याच्या चिरफळ्या उडाल्या. एका डोळ्याने नेम चुकत होता, त्यामुळे अर्धे घाव माझ्यावर आले. मी सोडलं नाही. शेवटी त्याने माझे चारही बोल्ट काढले आणि मला बाकावरून खाली ढकललं. जमिनीची फरशी फुटली.

"ह्याला चाकाखाली लावा," तो म्हणाला. "ह्याची लायकी दगडाची."

चार वर्षं मी दगड होतो. उतारावरची गाडी मागे सरकू नये म्हणून मला टायरखाली सारायचे. चिखल, ग्रीस, सगळं अंगावर. दात गंजले. पण लायकीबद्दल तो जे बोलला ते मी खोडून काढत नाही. नळी मीच चेपली होती.

त्या चार वर्षांत धाकट्याने थोरल्याला दादा म्हटलं नाही. "मालक" म्हणायचा, तेही तोंडावर नाही. "वहिनी, मालकांना म्हणावं, बावीसचा पाना द्या." वहिनी म्हणायची, "भावजी, ते दोन हातांच्या अंतरावर उभे आहेत, त्यांना कान आहेत." धाकटा म्हणायचा, "एक फाटका आहे." वहिनी नसली की दोघं गाडीशी बोलायचे आणि एकमेकांचं ऐकायचे. गिऱ्हाइकं गोंधळायची.

एका डोळ्याने अंतर कळत नाही. धाकट्याचा स्क्रूड्रायव्हर खाचेच्या बाजूला पडायचा, पेला टेबलाच्या काठाबाहेर ठेवला जायचा. कुणी मदत केली की तो चवताळायचा. म्हणून कुणी करत नसे.

एकोणीसशे एक्याण्णव, जून. भर दुपारी एक ट्रक मागच्या ब्रेक शूंसाठी आला. धाकट्याने जॅक लावून मागची बाजू उचलली, ॲक्सलखाली लाकडी ठोकळा सारला आणि आत शिरून पाठीवर पडला. थोरल्याने वाकून पाहिलं. ॲक्सल ठोकळ्याच्या काठावर होता, जेमतेम तीन बोटं टेकलेला.

थोरला ट्रककडे पाहून म्हणाला, "ए गाडी, ठोकळा काठावर बसलाय तुझा."

आतून उत्तर आलं, "गाडीला दिवे दोन आहेत. तिला दिसतं."

"बाहेर ये म्हणावं. नीट लावतो."

"मालकांनी काय काय नीट लावलंय ते मी आरशात रोज बघतो."

आणि त्याने हातोडा उचलून अडकलेला ब्रेक ड्रम ठोकायला सुरुवात केली. प्रत्येक घावाला ट्रक हादरत होता. ठोकळा सूतभर सरकला, मग बोटभर.

थोरल्याने पुन्हा सांगितलं नाही. मी भिंतीशी पडलो होतो. त्याने मला दोन्ही हातांनी उचललं, छातीशी धरलं आणि तसाच गुडघ्यांवर बसला. मला जमिनीवरून सरपटवत ॲक्सलखाली, भावाच्या छातीच्या बाजूला, आत रेटलं. उजवा हात अजून माझ्या जबड्यावरच होता, तेव्हा ठोकळा निसटला. जॅक तिरका होऊन आडवा पडला.

ट्रक माझ्यावर आला.

असं ओझं मी कधी घेतलं नव्हतं. पुढच्या जबड्याला वरून खालपर्यंत तडा गेला, त्याचा आवाज मी स्वतः ऐकला. पण मी उभा राहिलो. ॲक्सल आणि जमीन यांच्यात नऊ इंच उरले. धाकट्याची छाती त्या नऊ इंचांत होती, श्वास घेण्यापुरती. ॲक्सल आणि माझ्या जबड्यामध्ये थोरल्याचं बोट होतं. उजव्या हाताची तर्जनी, चाप ओढायचं बोट.

तो ओरडला नाही. म्हणाला, "आधी तू नीघ."

धाकटा खरवडत, पाठ सोलून घेत बाहेर आला. त्याला हात दिसला. त्याने जॅक सरळ केला, दांडा भराभरा मारला. ॲक्सल वर गेला. "ओढ! ओढ हात!" थोरल्याने ओढला. बोट माझ्याजवळ राहिलं. रक्त माझ्या तड्यात शिरलं, अजून तिथे काळं आहे.

दोन आठवड्यांनी थोरला पट्टी बांधलेला हात घेऊन गॅरेजमध्ये आला. धाकटा बाकाशी उभा होता. त्याने माझा गंज घासून काढला होता, तड्यावर आडवी लोखंडी पट्टी आवळली होती आणि मला जुन्या जागी ठेवलं होतं. चौथा बोल्ट आवळताना पाना दोनदा चुकला. थोरला बघत राहिला, मदतीला गेला नाही. मग धाकट्याने हात वर करून खिळ्यावरच्या पट्ट्या काढल्या, सदऱ्याला पुसल्या आणि माझ्या जबड्यांवर चढवल्या. नीट, दोन्ही.

आता मी जड काम घेत नाही. तडा आहे. पातळ नळ्या, आटे, हलकं कानसकाम, एवढंच देतात. पकड तीच आहे.

थोरला म्हणाला, "तुझ्या डोळ्याचं मी..."

"फिटलं, दादा."