बेडकांची खबर

आमच्या व्हरमाँटमध्ये वसंतात तळ्यातले बेडूक ओरडायला लागले, की मॅपलच्या झाडांचा रस काढणं थांबवायचं. त्यानंतरच्या रसाचा आटवून केलेला पाक कडवट होतो. कालपासून बेडकांनी तळं डोक्यावर घेतलंय, फांद्यांना लालचुटूक कळ्या आल्यात. पण माझा नवरा ऑरिन झाडांना टांगलेल्या बादल्या काही काढेना.

“कुठले बेडूक? मला नाही ऐकू येत!”

“आणि कळ्या? डोळेही गेले वाटतं!”

तणतणत बाहेर गेला. संध्याकाळी जेवायला बोलवायला गेले, तर बादल्या सगळ्या काढलेल्या, आणि स्वारी तळ्याकाठी एका पालथ्या बादलीवर डोळे मिटून बसलेली.

“काय रे, आलं का ऐकू?”

“श्श! हळू बोल. गप्प होतील ना ते!”