नाताळाआधी खुडलेला शेंडा

लुईझा पाचूबंदरची, कोळ्यांच्या घरातली. माहेरी जमीन म्हणून जी काही होती ती दारापुढची वाळू, आणि तीही भरतीच्या मर्जीतली. लग्न होऊन ती आलोशियसच्या वाडीत आली, तेव्हा केळींची दाट सावली आणि पोफळींवर चढलेल्या पानवेली पाहून हरखून गेली होती. पण सासूने, कॅथरिनबाईंनी, तिला पानवेलींजवळ फिरकू दिले नाही. "मासळीचा हात पानाला नको," असे त्या म्हणाल्या. माहेरून आलेल्या मासळीच्या जुन्या पाट्यांना लुईझाने आतून गोणपाट लावले, तेलाच्या रिकाम्या डब्यांना बुडाशी खिळ्याने भोके पाडली, त्यांत माती भरली आणि ओट्यावर टोमॅटोची रोपे लावली. ही जमीन कुणाच्या सासूची नव्हती.

आलोशियसला बोलणे फारसे जमत नसे. केळीच्या सोपटाने वेली बांधताना तो वेलींशीच काही पुटपुटे, तेवढेच. पण त्या रोपांनी त्याला बोलते केले. पान आणि दांडा यांच्या बगलेत आलेला कोवळा फुटवा चिमटीत धरून त्याने तो खुडून दाखवला, तेव्हा ती ओरडलीच.

"अहो, जिता जीव आहे तो! आमच्यात बोटाएवढा बोंबीलसुद्धा कुनी फेकत नाही."

"ठेवला तर नुसता पाला माजेल. डब्यात माती ती केवढीशी! एकच दांडा वाढू द्यायचा."

"आनि वरचा हा कोंब? हा पन खुडायचा?"

"शेंडा? छे! शेंडा खुडला की झाड वाढायचंच थांबतं. तो अगदी शेवटी. ईस्टरआधीचा उपवासकाळ निम्मा सरला, ऊन तापलं, झाडाला पुढे दिवस उरले नाहीत, की मग. म्हणजे झाडाचा सगळा जोर धरलेल्या फळांना मिळतो. तेवढी तरी पिकून हाती लागतात."

लुईझा त्याच्याकडे पाहतच राहिली. "एवढं बोलता येतं तर! मग मला मागनी घालायला मामाला कशाला पाठवलंत?"

पुढे या कामात तिचा हात त्याच्याहून चलाख झाला. मासळी धुतलेले पाणी ती रोपांना घाली, मांजरे डब्यांभोवती घोटाळत, आणि कॅथरिनबाई नाकाला पदर लावून आत जात. टोमॅटो मात्र कालवणात मुकाट्याने घेत. खुडून खुडून लुईझाची बोटे हिरवीकाळी होत. रविवारी चर्चमध्ये मिस्साला निघण्यापूर्वी ओट्यावर बसून ती लिंबाच्या फोडीने ती घासून काढी, आणि आलोशियस दारात उभा राहून, घाई असूनही, ते पाहत राही.

अठ्ठ्याहत्तर सालच्या पावसाळ्यात तिचे पोट दुखू लागले. मुंबईच्या मोठ्या इस्पितळात तपासण्या झाल्या. डॉक्टरांनी आलोशियसला बाजूला घेऊन जे सांगायचे ते हलक्या आवाजात सांगितले. घरी आल्यावर कॅथरिनबाईंनी एवढेच म्हटले, "तिला कळता कामा नये." तेव्हा लुईझाला अल्सर झाला आहे, असे ठरले. न बोलणारा माणूस एरवी गप्प असतो. आता त्याला गप्प राहण्यासाठी बोलावे लागे. तो पथ्याविषयी बोले, हवापालटाविषयी बोले, आणि बोलताना भिंतीकडे पाही.

त्या वर्षीही तिने रोपे लावलीच. पुढे ओट्यापर्यंत जाणे होईना, तेव्हा त्याने पाट्या आणि डबे उचलून तिच्या खाटेशी, खिडकीखाली आणून ठेवले. उशीला टेकून ती फुटवे खुडी आणि तळहातावर धरून थोडा वेळ त्यांचा वास घेत राही. पहिले घोस धरले. हिरवी, कडक, सुपारीएवढी फळे.

नाताळ जवळ आला. शेजारी करंज्या तळल्याचा वास येत होता, आणि आलोशियस खिडकीत बांबूच्या कामट्यांचा तारा बांधत होता.

"अहो," लुईझा म्हणाली, "आज शेंडे खुडू या."

त्याचा हात थांबला. "आत्ता? अजून नाताळसुद्धा झाला नाही. वर बघ, किती कळ्या आहेत."

"कळ्यांचं राहू द्या. खाली धरलेत ते पिकू देत."

"डॉक्टर म्हणालेत, पथ्य नीट सांभाळलं तर…"

"डॉक्टरांना टोमॅटोतलं काय कळतं?"

ती हसली. मग तिने हात पुढे करून जवळच्या रोपाचा शेंडा चिमटीत धरला. नखे देठावरून निसटली. पुन्हा धरला, पुन्हा निसटली.

"जोर नाही नखात. तुम्ही खुडा."

कामट्या खाली ठेवून तो डब्यापुढे उकिडवा बसला. शेंडा लवदार होता, वाढीच्या भरात किंचित वाकलेला. तो खुडणे म्हणजे आईला दिलेला शब्द मोडणे, आणि इतके दिवस भिंतीकडे पाहून जे लपवले ते तिच्या डोळ्यांत पाहून सांगणे. न खुडावा, तर जे तिला कळून चुकले आहे त्याच्याबरोबर तिला एकटीला या खाटेवर सोडून उठावे लागणार होते. त्याने मान वर केली. तिची नजर त्याच्यावरच होती, शांत, अगदी तो पहिल्यांदा एवढे बोलला तेव्हा पाहत राहिली होती तशी.

त्याने शेंडा खुडला. मग दुसऱ्या रोपाचा, मग तिसऱ्याचा. वास खोलीभर पसरला, आणि वाकून बसलेल्या त्याच्या डोळ्यांतले पाणी डब्यातल्या मातीत पडत राहिले.

तिने त्याच्या केसांत बोटे घातली. "खोटं बोलायला जमत नाही तुम्हाला," ती म्हणाली, "पन किती बोललात हो माझ्यासाठी!" आणि जरा वेळाने, "आईंना सांगू नका मला ठाऊक आहे म्हनून. त्यांना बिचाऱ्यांना वाटू दे, मला काही कळलंच नाही."

जानेवारीत, तीन राजांच्या सणानंतर पहिले फळ तांबूस झाले. ते तिच्या मुठीत दिले तेव्हा मूठ नीट मिटत नव्हती. ते पुरते लाल होण्यापूर्वीच ती गेली.

शेंडे तुटलेली रोपे थांबतील असे त्याला वाटले होते. पण खालच्या प्रत्येक बगलेतून नवे फुटवे निघाले, आणि आडवे-तिडवे माजून त्यांनी खिडकी भरून टाकली.

"अरे, नुसता पाला झालाय. खुडून टाक की," कॅथरिनबाई म्हणाल्या.

"जिता जीव आहे तो," आलोशियस म्हणाला.

उपवासकाळ निम्मा सरला, ऊन तापू लागले. एका रविवारी सकाळी तो रोपांपुढे बसला आणि एकेका फुटव्यावरून हात फिरवत राहिला. खुडले काहीच नाही, तरी बोटे हिरवीकाळी झाली. चर्चची घंटा झाली. कॅथरिनबाईंनी लिंबाची फोड त्याच्यापुढे धरली.

त्याने हात मागे घेतला आणि तसाच मिस्साला निघाला.