हातकताईचा स्वेटर

निवृत्त झाल्यावर भावजयीने सूत कातायला शिकायचं ठरवलं, तेव्हा ताईने आधी चहाचा कप खाली ठेवला आणि मग हसली.

"बाजारात लोकर मिळेनाशी झाली वाटतं?"

"मिळते की, वन्सं. पण आमच्या बाई म्हणतात, आपण कातलं की धाग्याशी नातं जुळतं."

"आणि विणायला कधी शिकणार?"

"ते बरोबरीनंच चाललंय."

बरोबरीनं म्हणजे मूठभर लोकर टकळीवर कातायची, ती लगेच सुयांवर चढवायची, संपली की पुन्हा टकळीकडे धावायचं. या 'आमच्या बाई' लाकडी डूल घालून दर शनिवारी रिकामटेकड्या बायकांना गोल बसवायच्या आणि एकीचा धागा तुटला की बाकीच्यांना टाळ्या वाजवायला लावायच्या. ताईला शिकवणारी शेजारीण टाका सुटला तर सगळी ओळ उसवायला लावायची. टाळ्याबिळ्या नाहीत. म्हणून तर हात तयार झाला.

एरवी ताईने हा खुळेपणा सोडून दिला असता. पण भावाचा स्वेटर आजवर तीच विणत आली होती, अगदी तो अर्ध्या चड्डीत होता तेव्हापासून. तिचं लग्न झालं, नवरा गेला, ती भावाच्या घरी राहायला आली. स्वयंपाकघर भावजयीचं, टीव्ही भावजयीचा, स्वेटर मात्र ताईचा. दर हिवाळ्यात भावाची जुन्या ऑफिसातली मंडळी कुणाच्या तरी घरी जेवायला जमायची आणि तो दारात दिसला की म्हणायची, "आला बघा बहिणीच्या स्वेटरात." यंदा भावजयीने जाहीर केलं, की तिथं तो हातकताईचा स्वेटर घालून जाणार. ताईने त्याच रात्री करडी लोकर काढली आणि आपलाही स्वेटर सुरू केला.

संध्याकाळी भाऊ लोकर पिंजत बसायचा. कधी दोन्ही हात पसरून लडी धरायचा आणि भावजय गुंडा करायची. लहानपणी तो ताईपुढे असाच उभा राहायचा, नाक पुसायलासुद्धा हात खाली घ्यायचा नाही. आता टक्कल पडलं होतं, तोंडावरचा आज्ञाधारकपणा तोच होता. ताईला बघवेना. ती आपल्या खोलीत जाऊन विणू लागली.

भावजयीचा स्वेटर कसा होणार, हे ताईला पहिल्या वितीतच कळलं होतं. शिकाऊ माणसाचं सूत आधी सुतळीसारखं येतं, हात बसला की बारीक होतं. ते कातत जाईल तसं विणलं, तर खाली पायपुसणं आणि वर मच्छरदाणी. त्यात एकपदरी धागा, त्याला पीळ जास्त, म्हणजे कापड एका अंगाला वळणारच. सगळं सूत आधी कातून घे, मग जाडबारीक आलटूनपालटून विण, एवढं सांगितलं असतं तरी पुष्कळ होतं. पण विचारलं होतं कुणी? बाई होत्या ना टाळ्या वाजवायला.

स्वेटर झाला, तो ताईच्या अपेक्षेपेक्षाही भिकार. बगलेतून निघालेली शिवण फिरत फिरत बेंबीपाशी आली होती.

त्या जेवणाच्या दिवशी ताईने आपला करडा स्वेटर खुर्चीच्या पाठीवर टाकला. भाऊ बाहेर आला तो हातकताईचा घालूनच.

"अरे, लोक हसतील," ताई म्हणाली.

"हसू देत."

"बायकोचं मन राखायचं तर घरात घाल. खालची बाजू बघितलीस? गाढवाच्या पाठीवर टाकायच्या लायकीचं सूत आहे ते."

"ते मी कातलंय," भाऊ म्हणाला.

भावजयीने पदराआड हसू दाबलं. "यांना बारीक येईचना, वन्सं. म्हणून म्हटलं, तुम्ही आपले पिंजा. वरचं सगळं माझं आहे."

ताई त्या सुतळीकडे बघत राहिली. "तू कधी शिकलास?"

"तू आत असायचीस तेव्हा. ताई, तुझे स्वेटर चांगलेच असतात गं. पण लोक तुझं कौतुक करतात आणि मी नुसता खुंटी असल्यासारखा उभा. आज सांगेन, एवढं मी केलंय." त्याने पोटावरच्या जाड भागावर थाप मारली आणि चपला घालून गेला.

भावजय दार लावून आली. "वन्सं, खरंच विचारते. ती शिवण कशानं फिरली हो?"

"मला काय विचारतेस? कातणाऱ्यांनाच विचार. दोघं आहात की आता."

खोलीत येऊन तिने करड्या स्वेटराच्या बाह्या आत दुमडल्या. इस्त्रीवाल्याला द्यावा, असं मनात आलं. पण इस्त्रीवाला किडकिडीत होता, आणि हे माप दुसऱ्या कुणाच्याच अंगाचं नव्हतं.