पितरांचं पथ्य

लॉकडाऊनने काशीचे घाट ओस पाडले आणि वेणीमाधवशास्त्र्यांचं ताट भरून टाकलं. दूधविनायक मोहल्ल्यातल्या घरी बसून ते पुण्या-नागपूरच्या यजमानांची श्राद्धं मोबाइलवर चालवू लागले. श्राद्धाला ब्राह्मण जेवायला हवा, आणि बाहेरचा माणूस तर घरात घेता येईना. मग शास्त्रीच मंत्र म्हणत आणि शास्त्रीच जेवत. आज कुणाच्या आजोबांसाठी खीर, उद्या कुणाच्या काकांसाठी वडे आणि लाडू. पूर्वी रोज पहाटे शिंदे घाटावर स्नानाला जाणं-येणं होई. आता पाटावरून पलंगापर्यंत, एवढीच काय ती यात्रा.

घाट उघडले त्या दिवशी शास्त्री अर्ध्या चढणीवर छाती धरून खाली बसले.

"पायऱ्या उंच केल्यात सरकारने."

"हो, तेवढंच काम राहिलं होतं सरकारला," बायको पद्मा म्हणाली आणि त्यांना थेट दवाखान्यात घेऊन गेली.

डॉक्टरीणबाईंनी तपासण्या केल्या. हृदयाची एक रक्तवाहिनी अर्धी बुजली होती. घरी बसून खाल्लेल्यांची रांग बाहेर लागलेलीच होती. "पंडितजी, घी-मीठा बंद, चलना शुरू," त्या म्हणाल्या. "नहीं तो अगले श्राद्ध में भोजन कोई और करेगा, नाम आपका होगा."

शास्त्री घाबरले, पण यजमानांना फोनची सवय लागली होती. अमावास्येला पुण्याहून सुशांतने वडिलांचं श्राद्ध लावलं. ताटात फिकं वरण, भात आणि गवारीची भाजी.

"गुरुजी, लाडू दिसत नाहीत? बाबांना तुपातलेच लागायचे. ते तृप्त कसे होणार?"

शास्त्र्यांच्या तोंडाला पाणी सुटलं. "अगं, यजमानाचं मन मोडू नये. एकच आण."

पद्मा आली, ती रिकाम्या हातांनी. तिने फोन उचलला. "सुशांतराव, बाबा कशाने गेले तुमचे?"

"हार्ट अटॅक. लॉकडाऊनमध्येच. चालणं बंद झालं होतं, आणि आम्ही रोज काहीतरी गोडधोड..." तो थांबला.

"मग आता तरी पथ्य पाळू द्या त्यांना."

सुशांत म्हणाला, "लाडू राहू द्या, गुरुजी. संध्याकाळी बाबांच्या नावाने घाट हळूहळू चढा. फोन चालू ठेवा, मी बघतो."

संध्याकाळी शास्त्री चढू लागले. चार पायऱ्यांत धाप लागली.

"गुरुजी, थांबलात?"

"मनात मंत्र म्हणतोय," शास्त्री भिंत धरून म्हणाले.

"म्हणा, म्हणा," मागून पद्मा म्हणाली. "मंत्र संपला की पाचवी."